सातुर्निनाची सतरावी ओळ

सातुर्निना कोराउआ डोंगरातल्या आयाकुचो शहराच्या बाजारात बटाटे निवडायची. पोत्यावर बसून, गप्पा चालू ठेवून. हिरवा पडलेला, किडका, कुदळीचा घाव लागलेला बटाटा तिच्या हातातून कधी सुटला नाही. म्हणूनच मी तिला आमच्या कामावर आणलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते माझ्यामुळे झालं.

काम असं होतं, बाळंतिणींना कसं वागवतात याचं मंत्रालयासाठी सर्वेक्षण. इस्पितळात बाळंतपणाच्या खोलीत आम्ही दोघींनी समोरासमोरच्या भिंतींना टेकून बसायचं. दर पाच मिनिटांनी मनगटावरचं घड्याळ थरथरायचं. मग अर्धं मिनिट बघायचं आणि छापील कागदावर खुणा करायच्या. तीस ओळी. बाईला नावाने हाक मारली का, तिच्या केचुआ बोलीत बोलले का, पाणी दिलं का. सतरावी ओळ, मारलं का. मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही. नर्स चिडली असं लिहायचं नाही, कारण चिडणं दिसत नाही. आवाज शेजारच्या खाटेपर्यंत गेला, तर खूण.

सातुर्निनाने पहिल्या आठवड्यात घरीच सराव केला. "दिराने जेवताना अकरा वेळा तोंड उघडलं," मला म्हणाली. "नऊ वेळा चटणी मागायला आणि दोनदा माझ्या नावाने बोटं मोडायला. बोटं मोडायची ओळच नाही गं तुमच्या कागदात."

दुपारी राजधानीहून, लिमाहून आलेली आमची साहेबीण, इंग्रिद, दोघींचे कागद शेजारी ठेवून ताडून बघायची. मी याआधी अशी दोन सर्वेक्षणं केलेली, त्यामुळे माझा कागद प्रमाण. नव्या बाईचा कागद माझ्याशी जुळला तर ती कामाची. नाही जुळला तर चूक तिची. माझं कोण ताडून बघणार? कुणीच नाही.

चौथ्या दिवशी बेनेदिक्ता आली. एकोणीस वर्षांची, वरच्या पठारावरची. तिकडच्या बायका दोर धरून, उकिडवं बसून बाळंत होतात. ती दोनदा खाटेवरून खाली उतरली. तिसऱ्यांदा नर्स नेलिदाने तिच्या मांडीवर सणसणीत चापट ठेवून दिली. "वर चढ. इथे काय मेंढ्या वितात?"

घड्याळ नुकतंच थरथरलं होतं. मी बघत होते. मी मान खाली घातली आणि सतरावी ओळ कोरी सोडली.

नेलिदा माझी कोमाद्रे. माझ्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी तिने हातात धरलेलं. आमच्यात हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा जड. कोमाद्रेच्या विरुद्ध कागदावर खूण करणं मला जमेना. त्या आठवड्यात नेलिदाने आणखी दोघींना मारलं. मी तिन्ही वेळा ओळ कोरी सोडली.

शनिवारी इंग्रिदने आम्हाला बसवलं. "सातुर्निना, सतराव्या ओळीत तीन खुणा आणि तिन्ही जुळत नाहीत. तुम्ही अंदाज बांधताय."

"अंदाज कसला, सेन्योरिता? चापट होती. आवाज आला."

"फ्लोरेंसिया, तुम्ही?"

"मला नाही दिसलं," मी म्हणाले.

सातुर्निनाने माझ्याकडे बघितलं. बाप्तिस्म्याच्या जेवणाला ती माझ्याच घरी होती, नेलिदाच्या शेजारी बसून जेवलेली. तिने नुसतं नातं सांगितलं असतं तरी माझा निकाल लागला असता. ती बोलली नाही. का, ते मी तिला कधी विचारू शकले नाही. तेवढं तोंड माझ्याकडे नव्हतं.

इंग्रिद वाईट नव्हती. समजावून म्हणाली, "तीन खुणा पुसा, सोमवारपासून पुन्हा शिकवते. काम जाणार नाही."

या कामाच्या भरवशावर सातुर्निनाने थोरल्या मुलीला नर्सिंगच्या शाळेत घातलं होतं. ते मला माहीत होतं. तिने पेन्सिल टेबलावर ठेवली. "खुणा राहू द्या, मला काढा," म्हणाली आणि शाल सावरून निघून गेली. मुलगी पुढच्या सहामाहीला शाळा सोडून आईशेजारी बटाटे निवडायला बसली. सातुर्निनाचे कागद भरवशाचे नाहीत म्हणून बाजूला टाकले. अहवालात माझे गेले. मारहाण, शून्य.

चार महिने मला अन्न गोड लागेना. शेवटी इंग्रिदला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहवाल मंत्रालयात गेला, फ्लोरेंसिया. आता सांगता?"

मग बाजारात गेले. सातुर्निनाने पोत्यावरून मान वर केली नाही. "मला काय सांगतेस? मला माहीत होतंच की. जिला लागलं तिला जाऊन सांग."

पठारावरच्या गावात बेनेदिक्ता दारात शेंगा सोलत होती, पोर पाठीला बांधलेलं. तिने मला लगेच ओळखलं.

"कागदवाल्या ना तुम्ही? या, बसा. ती मारत होती तेव्हा मी तुमच्याकडेच बघत होते, मावशी. म्हटलं, ओरडायचं कशाला, या लिहून घेतायत. पुढच्या बाईला तरी नाही मारणार."

"सातुर्निनाने लिहिलं," मी म्हणाले. "मी नाही लिहिलं. आणि मी नाही लिहिलं म्हणून तिचंही कुणी धरलं नाही."

तिने हातातली शेंग खाली ठेवली.

"मागच्या महिन्यात माझी बहीण त्याच इस्पितळात बाळंत झाली," ती म्हणाली. "तिच्याही मांडीवर वळ होता."