लिंबाएवढी गाठ

मी रेल्वेत कीमॅन होतो. दौंडजवळचा सहा किलोमीटरचा रूळ माझ्याकडे. खांद्यावर हातोडा टाकून रोज सकाळी तो चालत तपासायचा, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल दिसल्या तर ठोकायच्या आणि रुळाला केसाएवढी चीर दिसली तरी लाल झेंडा लावून गाडी थांबवायची. चीर वाढते का ते बघू, असं आमच्या कामात कुणी म्हणत नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मुतखड्याच्या संशयावरून यवतच्या डॉक्टरांनी माझ्या बायकोची सोनोग्राफी करायला लावली. मुतखडा नव्हता, पण स्वादुपिंडात लिंबाएवढी पाण्याची गाठ निघाली. पुण्याच्या सर्जननी फिल्म उजेडात धरून समजावलं, "गाठ बहुतेक साधी आहे. अशातली एखादी पुढं बिघडते, पण कुठली ते आज सांगता येत नाही. ऑपरेशन मोठं आहे, त्यात जीवही जाऊ शकतो. दर सहा महिन्यांनी तपासू. वाढली तर काढू."

दोनदा तपासलं. गाठ होती तेवढीच. बायको खुटबावला माहेरी जाऊन खुरपायला बसली, लग्नात नाचली. माझी मात्र झोप उडाली. ती भाकरी थापताना वाकली तरी मी विचारायचो, दुखतंय का?

"अवो, ती गाठ बसलीया गप," ती हसायची. "तुम्हीच का सारख्या हाका मारताय तिला? आणा तो हातोडा, ठोकून बघा माझ्या पोटावर!"

मला हसू यायचं नाही. चिडायचो मी. माहीत असलेली चीर तशीच ठेवून वरून गाडी सोडायची, हे माझ्या डोक्यात बसतच नव्हतं.

तिसऱ्या खेपेलाही माप तेच निघालं. सर्जन म्हणाले, आता वर्षानं या. मी खुर्चीतून उठलोच. "साहेब, काढून टाका."

त्यांनी तिला विचारलं, "बाई, तुमचं काय म्हणणं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "ह्यांना झोप लागत न्हाई, साहेब. काढा."

त्यांनी पुन्हा विचारलं, घाई नाही म्हणाले. तिनं पुन्हा मान हलवली. मला तेव्हा बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला भेटायला आत सोडलं. तिचे ओठ सुकले होते. "आज झोपलात का?" तिनं विचारलं. बाहेरच्या बाकड्यावर मी तासभर गाढ झोपून आलो होतो, दीड वर्षात पहिल्यांदा. "व्हय," म्हणालो. "मंग झालं," म्हणाली आणि डोळे मिटले.

चौथ्या दिवशी टाक्यांतून स्वादुपिंडाचा रस पाझरायला लागला. ताप चढला, पोट फुगलं. नवव्या दिवशी ती गेली.

गाठीचा रिपोर्ट नंतर आला. सर्जननी तो मला स्वतः वाचून दाखवला. साधी गाठ, बिघडण्यातली नव्हती. ते म्हणाले, "आधी कळायला मार्ग नव्हता." त्यांच्यावर माझा राग नाही.

पुढं बारा वर्षं मी तोच रूळ चाललो. लोक विचारतात, सगळ्यात जास्त काय आठवतं? ती गेली तो दिवस आठवतच नाही नीट. त्या बाकड्यावरची झोप आठवते. किती गाढ झोपलो होतो मी.