फ्रॅगिले शेठ आणि शनिवारचा तास

"मावशी, प्रश्न तुमच्या हौसेचा नाही, शिक्षणाचा आहे," सेक्रेटरी साहेब तिसऱ्यांदा म्हणाले.

"सातवी पास," मीही तिसऱ्यांदा म्हटलं. "मघाशी विचारलंत तेव्हाही तेवढंच होतं."

हे चाललं होतं अंबरनाथच्या आमच्या शाळेत, नववीच्या वर्गात, सगळ्या मुलींसमोर. साहेब संस्थेचे सेक्रेटरी, एका कंपनीतून मोठे ऑफिसर म्हणून रिटायर झालेले. इंग्रजीच्या शनिवारच्या वाचनतासाला डिग्री नसलेली बाई नको, हे त्यांचं म्हणणं. मी शिकवणं बंद करावं अशी नोटीस त्यांनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या इंग्रजीत लिहून आणली होती आणि माझ्या नाकापुढे फडकवत होते.

ते भांडण कसं मिटलं ते सांगतेच. पण शाळेतले किस्से म्हणजे कोंबून भरलेलं कपाट. एक काढायला जावं तर चार अंगावर येतात. आधी ते घ्या.

*

मी इंग्रजी शिकले आनंदनगरच्या कारखान्यात, पॅकिंग खात्यात. एका जातीच्या खोक्यांवर मोठ्या अक्षरांत छापलेलं असायचं. आम्ही बायका एकेक अक्षर जुळवून वाचायचो, 'फ्रॅगिले'. आमची खात्री, की हे कोणी बडं गिऱ्हाईक. "फ्रॅगिले शेठचा माल आला गं," म्हणत आम्ही ती खोकी दणादण आपटायचो.

एक दिवस माझं लक्ष शब्दाच्या शेजारी गेलं. तिथे काचेच्या पेल्याचं चित्र होतं, पेल्याला तडा. मी हातातलं खोकं हळूच खाली ठेवलं आणि बायकांना म्हटलं, "हा शेठ नाही गं, हा नाजूक आहे."

तेव्हापासून माझा नियम ठरला. अनोळखी शब्द भेटला की आधी त्याच्या शेजाऱ्यांकडे चौकशी करायची, डिक्शनरी नंतर.

*

रिटायर झाल्यावर नातीचा डबा द्यायला शाळेत जायचे. एकदा दारातून ऐकलं, तर वीणा मॅडम धडा वाचतायत आणि मुली प्रत्येक शब्दावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहितायत. मला राहवेना. दारातूनच फ्रॅगिले शेठची गोष्ट सांगितली.

मॅडम म्हणाल्या, "मावशी, आम्ही ट्रेनिंगला गेलो होतो, तिथे याला स्ट्रॅटेजी म्हणतात."

म्हटलं, "म्हणू देत. आमच्या खात्यात याला डोकं म्हणायचे."

पुढच्या शनिवारपासून तास मॅडमचा आणि माझा, दोघींचा झाला.

*

माझी दुसरी युक्ती म्हणजे वाचताना पुस्तकाला प्रश्न विचारायचे. एका उताऱ्यात सैनिक दिवसभर चालून संध्याकाळी आपल्या कॅम्पमध्ये परतले. मी म्हटलं, विचारा पुस्तकाला काय विचारायचं ते. कोमलने हात वर केला.

"मावशी, कितवा कॅम्प?"

वर्ग फुटला. तिचे आजोबा उल्हासनगरात कॅम्प एकला राहतात, तिथे वस्त्यांची नावंच कॅम्प एक, कॅम्प दोन अशी. कॅम्प म्हटलं की नंबर आलाच! मॅडमही हसल्या. मी नाही हसले. म्हटलं, पोरीने प्रश्न विचारलाय, आता तिनेच उत्तर आणावं.

ती रविवारी आजोबांना विचारून आली. पुढच्या शनिवारी वर्गात उभी राहिली, मान ताठ. "आजोबा म्हणाले, आपल्या बराकींत आधी सोल्जरच राहायचे. हसलात ना? तो कॅम्प आमचाच निघाला."

*

मग तो गाईडमधला निबंध. विषय, आवडती जागा. सगळ्याजणी काकांच्या गाडीतून हिल स्टेशनला जाऊन आल्या होत्या. वह्या वाचून मी विचारलं, "सगळ्या वर्गात मिळून हा एकच काका कोणाचा?"

बदलापूरहून येणारी जयश्री खाली बघायला लागली. तिच्या आजीचं गाव बारवी धरणाकडचं. म्हटलं, डोळ्यांनी बघितलंयस तेवढंच लिही, चारच ओळी लिही. तिने लिहिलं, की उन्हाळ्यात पाणी उतरतं, मग आजी बोट दाखवून सांगते, ती आपली विहीर होती. चार ओळी, त्यात दोन स्पेलिंग चुकलेली. मॅडमनी ती वही स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवली.

मी जयश्रीला विचारलं, "आणि गाडीवाले काका?"

"त्यांना स्टेशनवर सोडलं, मावशी."

*

सानिकाचा किस्सा जरा जपून सांगते. तिच्या वडिलांनी दारू सोडली होती. पालकसभेत ते येणार, म्हणून तिने त्यांच्यावरच इंग्रजीत निबंध लिहिला. पहिलंच वाक्य होतं, 'माय फादर स्टॉप्ड टू ड्रिंक'.

आमच्या कारखान्याच्या पॅसेजमध्ये पाटी होती, 'डू नॉट स्टॉप टू टॉक'. म्हणजे बोलायला थांबू नका. ती पाटी मी वर्षानुवर्षं वाचलेली. सानिकाला बाजूला घेतलं. "बाळा, तुझे वडील प्यायचे थांबले, की प्यायला थांबले?"

पोरीचा चेहरा उतरला. "प्यायचे थांबले, मावशी. शप्पथ."

"मग तो 'टू' खोड आणि 'ड्रिंकिंग' लिही."

सभेत तिने वाचलं, मग वडिलांना मराठीत सांगितलं, चुकीसकट. ते म्हणाले, "एवढ्याशा 'टू'ने माझी इज्जत काढली असती की."

तेव्हापासून मुलींनी आपसात नियमच केला, "स्टॉप के पीछे टू दिखा, तो ब्रेक मारने का."

*

तर, ती नोटीस. साहेब म्हणाले, आता चर्चा नको, मी लेखी दिलंय, खाली सही आहे, संस्थेचा शिक्काही आहे. मी म्हटलं, वाचनाचा तास आहे, तर वाचूनच बंद करू. कागद घेतला आणि सानिकाच्या हातात दिला.

ती उभी राहिली आणि खणखणीत वाचू लागली. "फ्रॉम धिस सॅटर्डे, श्रीमती मालन मस्ट स्टॉप टू..."

तिथे तिने ब्रेक मारला. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"...टीच."

आधी कोमलने तोंडावर वही धरली, मग जयश्रीने. वीणा मॅडम फळ्याकडे वळल्या आणि कोरा फळा पुसत राहिल्या. साहेबांनी मुलींकडे बघितलं, मॅडमच्या पाठीकडे बघितलं आणि कागद परत घ्यायला हात पुढे केला. मी तो तोवर चौघडी घालून पिशवीत टाकला होता.

म्हटलं, "साहेब, सही-शिक्क्याचा हुकूम मी आजवर मोडलेला नाही, या शनिवारपासून मी थांबते, शिकवायला."