संपतरावांनी विचारलेला प्रश्न

एकोणीस वर्षं मी परिचारिका आहे आणि माहेरच्या संस्कारामुळे त्याच्या आधीपासून गुरुवार करते. तरी त्या आठवड्यात माझं मन पार खचलं होतं. आपली सेवा खरंच कुणापर्यंत पोचते का, हीच शंका खात होती.

कारण होते आमच्या वॉर्डातले संपतराव. मूळचे साताऱ्याकडचे, कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमाली करणारे. अंगावर पत्रे कोसळले आणि उजवा हात कोपराखालून काढावा लागला. जखम छान भरत होती, पण माणूस मिटत चालला होता. भिंतीकडे तोंड करून पडायचे. चार दिवस चहापलीकडे पोटात काही नाही. त्यांच्या पत्नी, कमलताई, डबा उघडायच्या आणि तसाच झाकून ठेवायच्या.

मी नुकतंच रुग्णांच्या समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलं होतं. खोटा धीर देऊ नये, आधी ऐकून घ्यावं, हे मी वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं. आणि पहिल्याच दिवशी संपतरावांना म्हणाले, "काका, सगळं पहिल्यासारखं होईल." त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. त्यानंतर मी रोज समजावत राहिले. नकली हात, व्यायाम, दुसरं काम. ते रोज भिंतीकडे वळत राहिले. गुरुवारी कमलताई जिन्यात मला म्हणाल्या, "सिस्टर, काल ह्ये म्हनलं, 'मला आता जाऊ दे.' मी काय करू वो?" मी ते लगेच डॉक्टरांच्या कानावर घातलं. मानसोपचारतज्ज्ञ संध्याकाळी येणार होते. संपतरावांना एकटं सोडायचं नाही, असं ठरलं.

दुपारी ड्यूटी संपली, पण घरी जायला पाय निघेना. मी नेरूळच्या दत्तमंदिरात गेले, तर गाभारा बंद. पायरीवर बसले आणि इतक्या दिवसांचं दाटलेलं सगळं बाहेर आलं. शेजारी एक म्हातारी तुळशीची पानं निवडत होती. तिने परडी बाजूला सरकवली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "रड बाय, रड. मी बसलेली हाय." मग मी तिला सगळं सांगितलं. संपतराव, माझी चूक, मला वाटणारी भीती. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मध्ये एक शब्द नाही, उपदेश नाही. अर्ध्या तासाने मी उठले तेव्हा छातीवरचा दगड कुणी उचलून ठेवल्यासारखं वाटलं.

मी चप्पल घालत होते, तेव्हा मंदिराच्या दारातली फुलवाली म्हणाली, "आमची सासू हाय ती. तिला ऐकाला येत नाय, बरीच वर्सं झाली. तुमी काय इचारलं आन् ती बोलली नसंल, तर राग मानू नका."

माझा एक शब्दही त्या माउलीच्या कानी पडला नव्हता, आणि तरी माझं ऐकलं गेलं होतं.

तशीच वॉर्डात परत गेले. कमलताईंना जेवून यायला पाठवलं आणि संपतरावांच्या खाटेशी स्टूल ओढून बसले. "काका, मी पहिल्या दिवशी चुकीचं बोलले. पहिल्यासारखं नाही होणार. आता काही समजवायला आलेली नाही, नुसती बसते." त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पंखा फिरत होता. समोरच्या आजोबांचं सलाइन बदलून झालं. बऱ्याच वेळाने भिंतीकडूनच आवाज आला.

"माजा हात कुटं टाकला ओ तुमी?"

हा प्रश्न कुठल्याच प्रशिक्षणात नव्हता, पण उत्तर मला ठाऊक होतं. म्हणाले, "टाकला नाही, काका. वेगळ्या पिशवीत बांधून भट्टीत पाठवतात. तिथे तो जाळतात. तसा नियमच आहे."

ते हळूहळू माझ्याकडे वळले. "म्हंजी अग्नी दिला?"

"हो. अग्नीच दिला."

"मला वाटलं, उकिरड्यावर कुत्र्यांनी…" ते लहान लेकरासारखे रडले. "ह्याच हातानं समदं केलं, सिस्टर. पोरीच्या लग्नात अक्षता टाकल्या. त्येची अशी इटंबना झाली आसंल, तर माज्या जगन्याला काय अर्थ?" कमलताई परतल्या तेव्हा त्यांनी स्वतःहून डबा मागितला. त्या घास भरवू लागल्या, तर म्हणाले, "थांब, डाव्यानं बघू दे." अर्धा भात अंगावर सांडला. तो पाहून कमलताई हसल्या, आणि डोळेही पुसत राहिल्या.

संध्याकाळी मानसोपचारतज्ज्ञ आले, त्यांचे उपचार पुढे रीतसर चालले. काही आठवड्यांनी संपतराव घरी गेले. दुःख सरलं असं मी म्हणणार नाही, पण ते चालत, बोलत गेले.

त्या दुपारी नेमकं काय घडलं, याची फोड मी करत बसत नाही. नंतर जाऊन त्या आजीच्या पायांवर डोकं मात्र ठेवून आले. आजही नव्या रुग्णापाशी जाताना समजावणीचे शब्द ओठांवर येतातच. तेव्हा मनात दत्ताला एवढंच म्हणते, "महाराज, तुम्ही बसा त्यांच्याजवळ. मी बाजूला टेकते."