धुतलेला स्पंज

नव्या काचपेटीतले दोन्ही गोल्डफिश सकाळपासून पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. पाणी तर लख्ख होतं. रोज सगळंच्या सगळं मीच बदलत होते, फिल्टरचा स्पंजही नळाखाली खसाखसा धूत होते. माया करायची म्हणजे घासूनपुसून स्वच्छ करायचं, एवढंच मला येतं.

मासे घेतले त्या दुकानदाराला फोन करून हे सगळं सांगितलं. तो हळहळला. "ताई, माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो डोळ्यांना दिसत नाही. त्याला संपवणारे जिवाणू त्या स्पंजातच वाढतात, आणि तुम्ही त्यांनाच धुऊन टाकताय! आता रोज थोडंच पाणी बदला, खाणं कमी घाला. रुळायला महिनाभर तरी लागेल."

फोन ठेवला आणि बाल्कनीकडे लक्ष गेलं. गावचं घर बंद करून नुकतेच माझ्याकडे राहायला आलेले बाबा तिथे नव्या कोऱ्या सदऱ्यात अवघडून बसले होते. त्यांची विटकी गोधडी आल्या दिवशीच मी माळ्यावर टाकली होती. "इथं सगळं छान आहे गं," असं ते रोज म्हणतात आणि पानात अर्धं तसंच ठेवतात.

मी पेटीतलं थोडं पाणी बदललं, स्पंजाला हात लावला नाही. मग स्टुलावर चढून गोधडी काढली. सवयीनं ती धुवायच्या बादलीपर्यंत नेली, आणि थांबले. तशीच नेऊन बाबांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी ती नाकाशी धरली आणि एक लांब श्वास घेतला.