त्या तेलाच्या डब्यांविषयी

आमच्या सोसायटीत माझ्याविषयी एक कथा सांगितली जाते. सोनिवलीच्या रस्त्यावर ते अवाढव्य दुकान उघडले. त्याला भरसभेत विरोध करणारा मी स्वतःच तिथे चोरून गेलो, कच्चा तांदूळ खाताना पकडला गेलो आणि सवलतीच्या मोहाने रिक्षाभर तेल घेऊन परतलो, असे तिचे सार. आमचे सेक्रेटरी ती हातवाऱ्यांसह सांगतात. ते त्या दिवशी त्या दुकानात नव्हते. मी होतो.

विरोध मी केला होता, याबद्दल वाद नाही. आमच्या फाटकासमोर एका सिंधी गृहस्थाचे किराणा दुकान आहे. हा आमचा वाणी रोज उल्हासनगरहून बदलापूरला येतो आणि येताना तिथल्या घाऊक बाजारातून माल आणतो. नव्या दुकानाची पत्रके दारोदार पडली, तेव्हा सभेत उभे राहून मी म्हणालो, “त्या उंबऱ्याला माझे पाऊल लागणार नाही.” आता, त्या दुकानाला उंबराच नाही. काचेचे दार आपोआप सरकते आणि आतली फरशी बाहेरच्या फरशीला सपाट जुळलेली आहे. तेव्हा माझा शब्द आजही मोडलेला नाही.

‘चोरून’ हा शब्द तर सर्वस्वी खोटा. मी भर दुपारी, इस्त्रीचा सदरा घालून गेलो. अंबरनाथच्या कारखान्यात मी सारी नोकरी तपासणी विभागात काढली. माल न पाहता त्याला नावे ठेवणे माझ्या शिस्तीत बसत नाही. दारातच पहारेकऱ्याने माझी कापडी पिशवी प्लास्टिकच्या पट्टीने आवळून बंद केली. बाजाराला आलेल्या माणसाची पिशवी आधी बंद करायची, ही पद्धत मला समजली नाही. पण मी वाद घातला नाही. त्या दिवशी मी किती संयमाने वागलो, हे सेक्रेटरी कधीच सांगत नाहीत.

तांदूळ मोठ्या उघड्या पेट्यांत होता. आमच्या वाण्याकडे रीत अशी की तो मूठभर तांदूळ तळहातावर देतो आणि आपण दोन दाणे दाढेखाली धरतो. कट्कन तुटला तर जुना, दाताला चिकटला तर नवा. मी तेच केले.

“बाबा, खाना मना है,” पहारेकरी म्हणाला.

“मी खात नाही. तपासतो आहे.”

“तो घर जाके तपासो ना!”

इतक्यात ट्रॉली ढकलणाऱ्या एक बाई थांबल्या. “काका, बघा ना, हा जुना आहे का? माझा भात नेहमी गिचका होतो.”

“नवा आहे. पुलाव करायला घ्याल आणि पेज वाढाल.”

त्यांनी स्वतः दोन दाणे चावून खात्री केली. मग त्यांच्या जाऊबाईंनी केली. थोड्याच वेळात पेट्यांपाशी जमलेल्या साऱ्या बायका कच्चा तांदूळ चघळू लागल्या आणि टाय लावलेला मॅनेजर धावत आला.

“सर, प्लीज, बोर्डवर स्पष्ट लिहिलंय, प्रीमियम जुना कोलम.”

“बोर्ड शिजवायचा आहे का?”

बायका हसल्या. मॅनेजर लाल झाला आणि त्याने मला विचारले, “तुमच्यासोबत कोणी आहे का?” हा प्रश्न जत्रेत हरवलेल्या पोराला विचारतात. मी योग्य उत्तर जुळवत होतो, तोच मसाल्यांच्या रांगेमागून आवाज आला, “आहे ना! हे आमचे काका आहेत. ते नवा बोलले तर नवाच!”

आमचा वाणी होता. त्याच्या ट्रॉलीत तेलाचे डबे रचलेले होते.

त्याने मला सोडवले, असे सेक्रेटरी म्हणतात. मी अडकलोच नव्हतो. मात्र तो मसाल्यांआड लपून राहू शकला असता आणि राहिला नाही, हे मी नमूद करतो.

परतताना रिक्षात डबे आमच्या पायांशी आणि मांडीवर होते. “काका, काय करणार? घाऊकवाल्यापेक्षा इथे ऑफरमध्ये स्वस्त पडतं,” तो म्हणाला. “पण सोसायटीत कळलं ना, की माझं तेल इथलंच, तर बाया बोलतील, मग आम्हीच जातो की सरळ! दुकान बसलं माझं.”

रिक्षा थांबली, तेव्हा सेक्रेटरी फाटकातच उभे होते. “काय हो, एवढे डबे कोणाचे?”

एरवी बोलण्यात कोणाला हार न जाणारा वाणी स्वतःच्या चपलांकडे पाहत राहिला.

“माझे,” मी म्हणालो.

“तुमचे? त्या दुकानातले? आणि उंबऱ्याचं काय झालं?”

“तिथे उंबरा नाही. जाऊन पाहा.”

एकदा माझे म्हटल्यावर ते वर नेणे भाग होते. वाण्याने ते तिसऱ्या मजल्यावर चढवले. “लग्न कोणाचं काढलंय?” सौभाग्यवतींनी विचारले. खरे काय ते ऐकल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, की एक डबा घरात राहील. बाकीचे मी एकेक करून पिशवीतून खाली पोहोचवले. ‘म्हातारा रोज पिशवी भरून वाण्याकडे जातो आणि रिकामी घेऊन येतो,’ ही नवी कथा तेव्हाची.

आज हे लिहायला हरकत नाही, कारण वाण्यानेच आता पाटी लावली आहे: ‘मोठ्या दुकानाचा भाव, घरपोच.’ तेल कुठले, हे तो विचारल्याशिवायच सांगतो, आणि गिऱ्हाईक कमी झालेले नाही. तेवढ्यासाठी सोनिवलीपर्यंत जायला कोणाला वेळ नाही. मी त्याला म्हणालो, “मग आता सेक्रेटरींना सांग, डबे तुझे होते म्हणून.”

“राहू द्या ना, काका! लोक ती गोष्ट ऐकायला थांबतात. थांबले की काहीतरी घेतात.”

तेवढ्यात नवीन इमारतीतले एक जोडपे आले. वाण्याने त्यांच्यापुढे साबण ठेवता ठेवता माझ्याकडे बोट दाखवले. “हेच ते काका!”

ती दोघे कौतुकाने माझ्याकडे पाहू लागली. मी पाठ ताठ केली आणि एक शब्दही बोललो नाही. दुकान त्याचे आहे. खुलासा मी इथे केला आहे.