प्रभाबाईंचा चहा

उपासनेनंतर आल्याच्या चहाचा वास सुटला की नवी माणसंही घटकाभर थांबतात. इकडे हिंदी मुलखात, खातीपुऱ्यातल्या आमच्या चर्चच्या मंडळीत ही पद्धत मी सुरू केली, असं सगळे समजतात. मीही इतकी वर्षं गप्प राहिलो. खरं ते आज लिहितो.

जानेवारीतला रविवार होता. नगरकडच्या एका हवालदाराची बायको, प्रभाबाई, पहिल्यांदाच आल्या आणि आमच्या बाकावर बसल्या. मला पाहून त्या "सलाम, दादा" म्हणाल्या. इथे सगळे "जय मसीह की" म्हणतात. आपल्या मराठी ख्रिस्ती माणसांचा सलाम इतक्या दूर ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. पण मी म्हणालो, "बाई, ही आमची जागा आहे." सगळ्यांनी ऐकलं. त्या उठून मागे जाऊन बसल्या.

ही बाई आता परत यायची नाही, असं उपासनाभर मला टोचत राहिलं, पण माफी मागायला जीभ रेटेना. उपासना संपल्यावर प्रभाबाईच चहाचा फ्लास्क घेऊन पुढे आल्या. "दादा, बाक फार गार होता. मी बसून गरम केला, तर तुम्ही मलाच उठवलंत. आता चहा तरी घ्या." सगळे हसले, मीही हसलो. उरलेला चहा त्यांनी घोट घोट सगळ्यांना दिला.

बदली होईपर्यंत त्या दर रविवारी चहा आणत. त्या गेल्यावर मी फक्त मोठं पातेलं आणलं, आणि नाव माझं झालं. मी माफी कधी मागितली नाही, त्यांनी मला दादा म्हणणं कधी सोडलं नाही. प्रार्थनेत आभार मानताना मी त्यांचं नाव रोज घेतो. मंडळीसमोर घ्यायचं तेवढं राहिलं होतं, तेही आज घेतलं.