अर्धी मेमरी गहाळ

तिसऱ्या दिवशी सकाळी पांढुर्ण्याच्या संत्रा सोसायटीत पोचलो, तर स्क्रीनवर पुन्हा तोच मेमरी एरर. काल संध्याकाळी सगळं व्यवस्थित चालतंय हे पाहून, मशीन बंद करून गेलो होतो. डोकंच फिरलं.

मी तेव्हा नागपूरच्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होतो. सोसायटीच्या जुन्या कॉम्प्युटरवर एका वेळी एकच माणूस काम करू शके. त्यावर युनिक्स ही नवी सिस्टिम टाकली की स्क्रीन-कीबोर्डची दोन टर्मिनल एकाच वेळी चालणार होती. दुसऱ्यावर कुमुदताई बसणार होत्या. सौंसरहून रोज बसने यायच्या. टर्मिनल चाललं तर त्यांची नेमणूक पक्की, नाही तर घरी.

युनिक्सला मेमरी जास्त लागते. मशीनमध्ये १०२४ केबी होती, म्हणून मी जादा मेमरीचं कार्ड बसवलं. पण बायॉस, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा आत कोरलेला प्रोग्राम, भलताच हेकट. मूळ मेमरीचा वरचा तुकडा तो जिथे ठेवायचा, तिथूनच कार्डाची मेमरी सुरू व्हायची. एका खुर्चीवर दोघं. तो सरकेना, कार्डही सरकेना. शेवटी बोर्डवरचा जम्पर, म्हणजे जोडणीची छोटी पिन, बदलून मूळ मेमरी अर्धी बंद केली आणि बायॉसच्या सेटअपमध्ये ५१२ लिहिलं. युनिक्स मुकाट्याने चढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एरर. सेटअप जपणारी बॅटरी बदलली. तिसऱ्या सकाळी पुन्हा एरर.

मॅनेजर म्हणाले, "उद्या संचालक येऊन राहिले पाहायला. नाही चाललं तं कार्ड अन् युनिक्स घेऊन जा तुमचं."

"सकाळी मशीन कोण सुरू करतं?" मी विचारलं.

"मीच नं, सर," कुमुदताई म्हणाल्या. "मशीनचं घड्याळ मागे पडते, ते सेटअपमध्ये जाऊन सुधरवते. तुम्हीच तं शिकवलं. मेमरीचा आकडाही चुकून राहिला होता, तोही रोज सुधरवते."

"काहून?"

त्यांनी डेडस्टॉक रजिस्टर पुढे केलं. सोसायटीत रोज सकाळी मशीनचं सामान रजिस्टरशी ताडून सही करायची पद्धत होती. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: मेमरी १०२४. ताई सेटअपमध्ये तोच आकडा टाकायच्या, मशीनला अर्धीच मेमरी सापडायची, आणि एरर यायचा.

"सही माझी हाये, सर. अर्धी मेमरी गहाळ दिसली तं नाव कोणाचं येईन?"

आधी संताप आला. मग स्वतःचीच लाज वाटली. नोकरी टिकावी म्हणून बाई रोज इमानदारीने स्वतःच्याच नोकरीवर पाणी सोडत होती, आणि ५१२ का लिहिलं हे मी तिला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

मशीनचं झाकण उघडलं. ताईंनी बोट ठेवून सगळ्या चिप मोजल्या. मॅनेजरनी रजिस्टरमध्ये शेरा मारला, "मेमरी पूर्ण. पैकी ५१२ कामासाठी बंद." खाली सही, शिक्का. मग ताईंनी स्वतःच्या हाताने ५१२ टाकलं.

दुसऱ्या दिवशी संचालकांसमोर दोन्ही टर्मिनल चालली. त्याच आठवड्यात ताईंना नेमणुकीचं पत्र मिळालं.

मी एक धडा घेतला. मशीनला खोटं सांगायची वेळ आली, तर आधी ते चालवणाऱ्या माणसाला खरं सांगावं.